सुगरणीचे चार चौकोन

आंधळ्या माणसाशी मी खोटं बोललो. दौंडला आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या मास्तरांची, आप्पांची, दृष्टी गेली होती. रविवारी प्रार्थनेनंतर मी त्यांना साप्ताहिकातलं शब्दकोडं वाचून दाखवायचो. त्या आठवड्याचा विषय होता पक्षी, आणि प्रत्येक उत्तर माझ्याआधी तेच देत होते.

"विणून घरटं बांधणारा," मी वाचलं.

"सुगरण! आन् बांधतो तो नर, बरं का."

मला हेही ठाऊक नव्हतं. चिडून म्हणालो, "बसत नाही, आप्पा. पाच चौकोन आहेत."

ते हळूच म्हणाले, "डोळ्यांमागं डोकंबी चाललं म्हणायचं."

पुढच्या रविवारी त्यांनी कोडं नको म्हटलं. मी त्यांचा हात धरला.

"आप्पा, चौकोन चारच होते. मी खोटं बोललो. मला माफ करा."