माळेवर घेतलेलं वाक्य

पौरोहित्य मुरलं की तोंडाला मन लागत नाही. यजमानाचं गोत्र विचारलं की पुढचा विधी जिभेवर आपोआप येतो, हात आपसूक पाणी सोडतात. लोकांना वाटतं, गुरुजी तल्लीन झालेत. गेल्या वर्षी माझं रिकामं मन तेवढ्या वेळात एकच घोकत असे: तू घराला नकोसा झालायस. झोप गेली, भूक गेली. एका सकाळी सोवळं नेसून मी तसाच कॉटवर बसून राहिलो आणि यजमान तिकडे रामकुंडावर ताटकळले.

बायकोने रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. गोळ्यांनी झोप लागू लागली, पण तो विचार काही जाईना. मग डॉक्टरांनी समुपदेशक मॅडमकडे पाठवलं. त्या म्हणाल्या, तसा विचार आला की थांबायचं आणि स्वतःला विचारायचं, 'हे खरं कशावरून?'

मी कसला विचारतोय! उभा जन्म पाठांतरात गेलेला. वाक्य मिळाल्याबरोबर मी ते जपमाळेवर घेतलं. सकाळी एक माळ, संध्याकाळी एक. पुढच्या खेपेला तक्रार घेऊन गेलो, "मॅडम, एक दिवस चुकवला नाही, तरी गुण येत नाही."

त्या आधी हसल्या, मग हसल्याबद्दल माफी मागितली. "गुरुजी, तो मंत्र नाहीये, प्रश्न आहे. त्याला उत्तर लागतं. आणि ते तुमच्या घरातच मिळेल."

मला रागच आला. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला बापाने हे विचारायचं? खरं सांगतो, रागापेक्षा भीती मोठी होती. ती 'हो' म्हणाली तर?

दुसऱ्या दिवशी ती मेथी निवडत बसली होती. बायको गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मी विचारून टाकलं, "मी घरात नसलो की तुम्हाला बरं वाटतं का गं?"

तिने जुडी खाली ठेवली. "कधीकधी वाटतं, बाबा. तुम्ही असलात की आम्ही हळू बोलतो."

बघ, नकोसाच आहेस, असं मन लगेच म्हणालं. मी त्याला मुद्दाम अडवलं. "आणि?"

"आणि तुम्हाला यायला उशीर झाला की आई दारात उभी राहते. आम्ही दोघी जेवत नाही."

मला रडू फुटलं, मुलीसमोर, दिवसाढवळ्या. ती घाबरली. तिने आईला हाक मारली, सवयीने हळूच.

"मोठ्याने मार," मी म्हटलं.