डोळ्यांच्या दवाखान्यातला सर्व्हर

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पनवेलच्या एस.टी. स्टँडसमोर आमचं कॉम्प्युटरचं लहानसं दुकान होतं. भागीदार विक्री बघायचा आणि मी स्कूटरवरून दुरुस्त्या करत फिरायचे. मशीन उघडून बसलेली बाई दिसली की लोक हमखास विचारायचे, "साहेब मागून येतायत का?"

त्या सकाळी मी कळंबोलीत एका लोखंडाच्या व्यापाऱ्याचा प्रिंटर दुरुस्त करत होते. पेजर वाजला. बूथवरून फोन लावला तर पलीकडे डोळ्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई होत्या. हा ट्रस्टचा दवाखाना आमचं जुनं गिऱ्हाईक. "सर्व्हर सुरूच होत नाहीये. पेशंट येऊन बसलेत. तुम्ही आधी या," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मोतीबिंदूच्या शिबिरातली माणसं होती ती. डोंगरातल्या वाड्यांवरची, वीटभट्टीवरची, काही उरणकडची. आदल्या दिवशी त्यांचे डोळे मोजून झाले होते आणि आज ऑपरेशनं होती. डोळ्यात बसवायचं भिंग प्रत्येकाला वेगळ्या नंबरचं लागतं. मोजणीचं मशीन मुंबईच्या एका डॉक्टरांकडून उसनं आणलेलं, ते संध्याकाळीच परत गेलं होतं. त्याला प्रिंटर नव्हता. पडद्यावर आकडे दिसले की ऑपरेटर ते थेट कॉम्प्युटरवर टाकायची. आता ते आकडे सर्व्हरच्या पोटात होते, दुसरीकडे कुठेच नाहीत.

सर्व्हर एका कारखान्याने वापरून झाल्यावर देऊन टाकलेला होता. त्यात चार हार्डडिस्क एकत्र जोडलेल्या. माहिती चौघींत अशी वाटून ठेवलेली असते की एक बंद पडली तर बाकीच्या तिघी तिचं काम भागवून नेतात. दोन गेल्या की खेळ संपला. मी पाहिलं तर एक डिस्क आतून टकटक आवाज करत होती. तिच्यावर पेटलेल्या दिव्याबद्दल ऑपरेटरला विचारलं. "तो पिवळा दिवा ना? तो बऱ्याच दिवसांपासून आहे. पण सगळं चालत होतं," ती म्हणाली. म्हणजे एक आधीच मेलेली होती. सकाळी लाइट गेली, यूपीएसची बॅटरी टिकली नाही, आणि लाइट आल्यावर दुसरीही उठेना. ती अगदी गप्प होती. हात लावला तर थरथरसुद्धा नाही.

बॅकअपच्या टेप कपाटात नीट लावून ठेवल्या होत्या. मी त्या एकेक वाचून पाहिल्या. जुनी एक वाचली गेली, नंतरच्या सगळ्या कोऱ्या निघाल्या. टेपवर लिहिणारं ड्राइव्हचं हेड मळलं होतं, त्यामुळे त्यांवर काही उतरलंच नव्हतं. शिबिराचा एकही आकडा त्यात नव्हता.

"स्पष्ट सांगा, येईल की नाही?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"जी टकटक करतेय ती संपली. दुसरी कदाचित नुसती चिकटली असेल. जुन्या डिस्क बंद होऊन गार झाल्या की कधीकधी आतली तबकडी फिरत नाही. सोडवून बघते. पण त्यात ती कायमची जाऊही शकते."

"आणि नाही सोडवली तर?"

"तर ती अशीच राहील."

"मग सोडवा."

मी डिस्क बाहेर काढून तळहातावर आडवी धरली, वायर जोडून करंट दिला, आणि बाटलीचं झाकण उघडावं तसा मनगटाला झटका दिला. काही नाही. पुन्हा दिला. पुढच्या झटक्याला आत बारीक घरघर सुरू झाली आणि वाढत गेली. तशीच चालू ठेवून मी ती टेबलावर, दुमडलेल्या टॉवेलवर ठेवली आणि खोलीतल्या सगळ्यांना सांगितलं, "या टेबलाला कुणी धक्का लावायचा नाही." सर्व्हर चालू केला, त्याने बाद ठरवलेली ती डिस्क जबरदस्तीने कामावर घेतली आणि शिबिराची फाइल आधी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवायला लावली.

दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली होती. उरणजवळच्या करंजा गावची, सुक्या मासळीचा धंदा करणारी. "बाय, आमचं आज व्हईल का नाय?" तिने विचारलं.

"बघतेय आजी."

"तू बघतंस. मना दिसत नाय म्हनून इचारतंय."

बहुतेक आकडे आले. डिस्कचा एक भाग मात्र वाचता येईना, आणि त्यातल्या मोजक्या पेशंटांत ही आजी होती. मीच तिला सांगितलं. ती माझ्या आवाजाच्या दिशेने वळली. "माजाच डोला खाल्ला का गं तुज्या मशिनीनं?"

डॉक्टरबाईंनी वाशीच्या एका ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांच्याकडे मोजणीचं मशीन होतं. दवाखान्याची जीप आजीसह त्या मोजक्या पेशंटांना घेऊन गेली आणि इकडे बाकीच्यांची ऑपरेशनं सुरू झाली. मी उरलेल्या फाइली उतरवत बसले. सगळं उतरल्यावर ती डिस्क बंद केली, ती पुन्हा कधी फिरली नाही.

पुढचे दोन दिवस मी तिथेच होते. नव्या डिस्क बसवल्या, माहिती परत चढवली, टेप ड्राइव्हचं हेड साफ केलं. पिवळा दिवा म्हणजे काय ते ऑपरेटरला समजावलं. दर शनिवारी टेपवरून एक तरी फाइल परत आणून बघायची, हेही ठरलं.

आजीचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. पट्टी काढताना मी वायर गुंडाळत शेजारीच होते. तिने डोळ्यातलं पाणी पुसलं, समोरच्या भिंतीकडे, डॉक्टरबाईंकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"मशीनवाली ती तूच?"

"हो."

"तू तं पोर हायेस! आवाजावरना मना मोठी बाय वाटली." डॉक्टरबाई हसू दाबत होत्या. म्हातारी मात्र गंभीर होती. ती जरा पुढे वाकली आणि म्हणाली, "दुसरा डोला अजून व्हायचा हाय. तवा नीट ठेव हां मशीन."

पावसाळा संपल्यावर तिचा दुसराही डोळा झाला. त्या आठवड्यात मी काम नसतानाही दोनदा दवाखान्यात जाऊन सर्व्हरचे दिवे बघून आले.