घराच्या सावलीतला वाल

आमचं घर माळशेजच्या रस्त्याला लागून आहे, वैशाखऱ्याच्या जरा अलीकडे. पावसाळ्यात धबधबे बघायला येणाऱ्यांच्या गाड्या दारासमोरून सरत नाहीत. धबधबे आटले की रस्ता रिकामा होतो. रस्त्यापलीकडे एक रिसॉर्ट आहे. थंडीत तिथं कुणी फिरकत नसे. आमचे हे तिथं वॉचमन आहेत, आणि त्या महिन्यांत त्यांना निम्मे दिवस घरीच बसवत.

गेल्या थंडीत मालकानं नाताळचे दिवे लावले. शहरात म्हणे असे दिवे बघायला लोक रस्तोरस्ती फिरतात, मग इथं का येणार नाहीत, असं त्याचं म्हणणं. दिवाळीनंतर लगेच माणसं आली आणि सगळ्या झाडांना बुंध्यापासून शेंड्यापर्यंत माळा गुंडाळून गेली. फाटकावर मोठी चांदणी टांगली. दिव्यांची हरणं आणली, एक कापसासारखा पांढरा बर्फाचा माणूस आणला. गाड्या लावायला उजेड हवा म्हणून खांबावर दोन मोठे फोकस बसवले. ते बरोबर आमच्या घरावर यायचे.

माझी जाऊ पहिल्याच दिवशी जाऊन सगळं बघून आली. म्हणाली, "तो बर्फाचा माणूस दुपारच्या उन्हातपन वितलत नाय गो. आपल्या सासऱ्यासारखा हाय, कायपन बोला, ढिम्म!"

मीही हसले. लोक खरंच आले. शनिवार-रविवारी तर पावसाळ्यासारखी गर्दी. यांचं काम पूर्ण महिना चालू राहिलं. जावेनं रस्त्याकडेला चुलीवर भाकरी आणि पिठलं करून विकायला सुरुवात केली. गावात कुणाच्याच तोंडी दिव्यांबद्दल वाईट शब्द नव्हता. माझ्याही नव्हता.

भात कापून झाल्यावर त्याच ओलीत आम्ही वाल पेरतो. त्याला पाणी लागत नाही, दवावर येतो. हे बी माझ्या आईचं. माझं माहेर शहापूर तालुक्यात, शेणव्याच्या बाजूला. लग्नात आईनं माझ्या पदरात तांदळाबरोबर हे वालही बांधून दिले होते. तेव्हापासून दर साली तेच बी पेरलं. आमच्यात वालाचं बी मागं ठेवत नाहीत. ठेवलं तर भुंगा लागतो, आणि जुनं बी नव्या मातीत घालू नये असंही म्हणतात. जे असेल ते सगळं पेरायचं, आलं की त्यातलंच पुढच्या सालचं काढायचं. आई असती तर तिच्याकडून मागून घेतलं असतं, पण ती जाऊन बरीच सालं झाली.

वाल छान उगवला. वेल पसरले, पानं हाताच्या तळव्याएवढी झाली. पण फुलं येईनात. गावात आत, रस्त्यापासून लांब ज्यांची शेतं आहेत त्यांच्या वेलांवर तुरे दिसायला लागले. आमचं शेत नुसतंच हिरवंगार.

"माजलाय," हे म्हणाले. "शेंडे खूड."

मी शेंडे खुडले. वेलांना आणखी फांद्या फुटल्या, फूल नाही. जाऊ म्हणाली, नजर लागली, एवढी माणसं येतात-जातात रस्त्यानं. तिनं बांधावर मिरच्या-लिंबू टांगलं. एकीनं राख टाकायला सांगितली, तीही टाकली.

मग एक दिवस घराच्या मागच्या अंगाला मला फुलं दिसली. पांढरी, कडेला जांभळट. मला इतका आनंद झाला की मी तिथंच खाली बसले. म्हटलं, आता सगळीकडे येतील. पण चार दिवस, आठ दिवस गेले तरी फुलं तेवढ्याच पट्ट्यात. एका बाजूला फूल आणि त्याला लागून नुसती पानं. मधली कड सरळ होती, शेवटाला कौलाच्या उतारासारखी तिरपी होत गेलेली. जमीन सगळीकडे तीच, बी तेच. मला काही उमजेना.

संध्याकाळी कोंबड्या झाकायला मागं गेले होते. समोर रिसॉर्टवर यांनी बटण दाबलं आणि फोकस लागले. आमच्या घराची काळी सावली शेतावर पडली. बरोबर त्या फुलांवर. जिथं सावली संपत होती तिथंच फुलं संपत होती.

जेवताना मी यांना सांगितलं. ते हसले. "दिव्याचा नि वालाचा काय संबंध?"

"तुमी सकाली बघा."

सकाळी त्यांनी बघितलं. बराच वेळ बांधावर उभे राहिले. मग आत येऊन म्हणाले, "आता मालकाला काय सांगू? माझ्या बायकोच्या वालाला झोप येत नाय, दिवे बंद कर?"

मला बोलता येत नाही पटकन. पण त्या संध्याकाळी त्यांनी शिडी लावून एक फोकस जरा वळवला. दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं तो परत आमच्याकडे केला. गाड्या लावताना अंधार पडतो म्हणाला. यांना वरून बोलणीही खावी लागली. त्यानंतर मी विषय काढला नाही.

मी एवढंच ठरवलं की त्या पट्ट्यातली एकही शेंग खायची नाही. जावेला सांगितलं, यांना सांगितलं. सगळं बियाला. पाखरं येऊ नयेत म्हणून जुनी लुगडी फाडून चिंध्या लावल्या. शेंगा धरल्या, आत दाणा भरायला लागला. रोज सकाळी मी बोटांनी चाचपून बघायची.

नाताळ होऊन गेला तरी दिवे उतरवले नाहीत. गर्दी असेल तोवर ठेवायचं ठरलं होतं. अशाच एका रविवारी, दिवेलागणीला, मागच्या बाजूनं हसण्याचा आवाज आला. जाऊन बघते तर सात-आठ माणसं वालात उभी. बाया, पुरुष, पोरं. सगळे सावलीच्या पट्ट्यात. उजेडात उभं राहून दिव्यांचा फोटो नीट येत नाही, अंधारातून छान येतो, असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. वाटही दाखवली असणार, कारण ती माणसं आमच्या गोठ्यापासून आत आली होती आणि ती वाट बाहेरच्याला दिसत नाही.

मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. मनात शब्द तयार होते. बाहेर या, बी आहे ते. एवढंच म्हणायचं होतं.

त्यातली एक बाई माझ्याकडे वळली. चेहऱ्यानं चांगली, हसतमुख. "काकी, तुमचं घर का हे? किती सुंदर जागा आहे! आमचा एक फोटो काढाल? सगळे येऊ म्हणजे."

तिनं मोबाइल माझ्या हातात दिला. कुठं दाबायचं ते दाखवलं. ते सगळे जवळ सरकले, पुढची पोरं वेलांवर बसली. मी दाबलं.

"अजून एक, काकी. आडवा."

मी आडवाही काढला. तिनं बघून "मस्त" म्हटलं, थँक्यू म्हटलं, आणि ते गेले. त्यांच्या मागोमाग दुसरे आले. मी आत येऊन भाताला आधण ठेवलं.

जावेला दुसऱ्या दिवशी विचारलं तर ती म्हणाली, "माझ्याकडं भाकरी खाल्ली त्यांनी. फोटो कुठून चांगला येल विचारलं, मी सांगितलं. आपल्या शेतातच तर जातील, म्हटलं, वाल नायतरी कुठं आलाय यंदा." मग तिच्या लक्षात आलं. तिनं जिभेला चावा घेतला आणि माझ्याबरोबर शेतात आली. आम्ही दोघी तुटलेल्या वेलांवरच्या शेंगा गोळा करत बसलो. बहुतेक दाणे हिरवेच होते. वाळवले तर सुरकुतले. कडेच्या दोन-चार वेलांच्या शेंगा पुऱ्या झाल्या, त्यांचं मिळून मूठभर बी झालं.

पावसाच्या आधी हे घरी आले ते खुशीत होते. यंदा दिवे आणखी वाढवणार, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. आमच्या घरालाही माळा लावायच्या, मागं-पुढं सगळीकडून. मालकानं विचारलं, यांनी हो म्हटलं.

"मागनंपन?" मी विचारलं.

"चारी बाजूंनी. घर कसं उठून दिसेल बघ."

मी म्हटलं, मग वालाला सावलीच उरणार नाही. ते म्हणाले, "अगं, मुरबाडच्या बाजारात बी कितीतरी मिलतं. तेच मोठं घेऊन बसलीस."

ते वाईट मनानं बोलले नाहीत. त्यांचंही खरं होतं. तो दिव्यांचा हंगाम नसता तर आम्ही थंडी कशी काढली असती ते मलाही ठाऊक आहे.

मी ते मूठभर बी घेऊन माहेरी गेले. भावाकडे आता सगळी भेंडी आहे, ठिबकवर. भावजयीनं चहा केला. मी पुडी तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "आईचं हाय. बांधाला टाकलंत तरी चालंल. आमच्याकडं आता जागा नाय."

भावजय म्हणाली, "एवढी जमीन हाय नि जागा नाय?"

भाऊ म्हणाला, "ठेव. भात झाल्यावर बघू." तिनं पुडी साबणाच्या फळीवर ठेवली.

यंदाचं भात आता कापून झालं. परवा आमच्या घराला माळा बसवून गेले. त्याच दिवशी भावाचा फोन आला होता. मी पोरांचं विचारलं, भावजयीच्या गुडघ्याचं विचारलं, भेंडीचंही विचारलं. वालाचं विचारलं नाही.