जखम भरली, अवधाण उतरेना

गोखिवऱ्याच्या आमच्या कारखान्याच्या गाळ्यात धाकट्या भावाने वाटेतच टाकलेला पत्रा माझ्या पोटरीत घुसला. तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नव्हतो. जांघेत गाठ आली तेव्हा घाबरलो नाही. पायाला लागलं की अवधाण येतंच. बायकोने त्यावर चुना लावला. जखम भरली, पण दीड महिना झाला तरी गाठ तशीच. आंघोळ करताना तिथे हात न्यायचीही भीती वाटू लागली.

डॉक्टरांनी गाठ दाबून पाहिली. "जखमेमुळे असती तर एव्हाना उतरायला हवी होती. उद्या सुईने नमुना काढून तपासू."

"अजून आठ दिवस थांबू या की!"

"काका, इथे घासाघीस चालत नाही."

बाहेर येऊन मी भावाला फोन लावला. शिव्या घालायच्या होत्या, पण तोंडातून निघालं, "उद्या माझ्याबरोबर येशील?"