नाकाच्या शेंड्यावरचे दोन फोड

त्या दवाखान्याच्या तळमजल्यावर, कपडे धुण्याच्या यंत्रांशेजारी, रेकॉर्डची खोली आहे. तिथे बावीस वर्षं एकाच खुर्चीत बसलेल्या बाईंना सगळे शून्यबाई म्हणतात. अपमान म्हणून नव्हे हं! संध्याकाळी पाचला त्यांच्या यादीत एकही फाईल शिल्लक नसते, म्हणून शून्य. शेजारच्या टेबलावरचा लठ्ठ सहकारी म्हणायचा, "बाई, तुम्ही वर गेलात की चित्रगुप्ताचीही यादी पाचपर्यंत रिकामी कराल." बाई हसायच्या, पण मनातून सुखावायच्या. माणसाला कशाचा तरी गर्व लागतोच.

काम म्हणाल तर सोपं आणि म्हणाल तर डोक्याला ताप. डॉक्टरांनी आजार लिहायचा, बाईंनी त्याला आकडा, म्हणजे कोड, द्यायचा. नियम एकच, पण दगडावरची रेघ: डॉक्टरांनी लिहिलं नाही ते झालंच नाही. नर्सने काहीही लिहो, त्यावरून कोड लावायचा नाही. शंका आली तर डॉक्टरांना लेखी विचारायचं, आणि तेही असं की उत्तर त्यांच्या तोंडात घातल्यासारखं होता कामा नये. आणि उत्तर येईपर्यंत ती फाईल यादीत लाल होऊन बसते.

सोमवारी पावणेपाचला शेवटची फाईल उघडली. बसचालक, वय एकावन्न. डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'नागीण, कपाळाची डावी बाजू. गोळ्या दिल्या. आठ दिवसांनी दाखवणे.' खाली नर्सच्या बारीक अक्षरात, 'नाकाच्या शेंड्यावर दोन फोड. डाव्या डोळ्यातून पाणी.'

बाईंना कळलं नाही असं नाही. प्रशिक्षणात घोकून घेतलं होतं: नाकाच्या शेंड्याला जाणारी नस आणि डोळ्याची नस एकाच फांदीच्या. तिथे फोड आले तर डोळा आधी बघा. नुसत्या नागिणीच्या कोडचा शेवट नऊ, डोळ्यातल्या नागिणीचा तीन. आणि तीनचा आकडा पडला की नाव आपोआप वरच्या मजल्यावरच्या नेत्रविभागाच्या यादीत जातं, तिथून पेशंटला त्याच दिवशी फोन होतो. नऊला कोणी फोन करत नाही.

पण डॉक्टरांनी डोळा लिहिला नव्हता. विचारायचं तर फाईल लाल. महिन्याची अखेर, बावीस दिवस सलग शून्य. बाईंनी नऊ टाकला, फाईल बंद केली आणि पर्स उचलली. नियमाने चूक काहीच नव्हती.

मंगळवार गेला. बुधवारी सकाळी कामावर येताना बसच्या चालकाने सिग्नलला रुमालाने डोळा पुसला. झालं! बाईंना सोमवारची फाईल आठवली. हा चालक दुसराच होता, तरणाबांड, सर्दी झालेला. पण बाईंना आता बसमध्ये थांबवेना. बस गर्दीत अडकली तशा दोन स्टॉप आधीच उतरून धावत निघाल्या, वयाचं भान न ठेवता.

आठ वाजून दहा मिनिटांनी प्रश्न पाठवला: 'कृपया बाधित भाग स्पष्ट करावा.' साडेआठला उत्तर आलं: 'कपाळ. लिहिलेलं आहे.' बाईंनी फोन लावला.

"डॉक्टर, नर्सची नोंद एकदा..."

"बाई, तुम्ही आकडे टाका. तपासायला मी आहे ना?" आणि फोन ठेवला.

अरे देवा! तपासायला आहेस तर तपास ना! हे अर्थात बाई मोठ्याने बोलल्या नाहीत. खाली मान घालून पुढची फाईल उघडली, एक ओळ तीनदा वाचली, तिचा अर्थ लागेना. मग त्या उठल्या.

"कुठे निघालात?" सहकारी म्हणाला. "आपल्याला वर जायची परवानगी नाही हो!"

"मग पडेन तोंडघशी," बाई म्हणाल्या, आणि कागद छापून जिना चढल्या.

नेत्रविभागाच्या डॉक्टरीणबाईंनी नर्सची ओळ वाचली आणि खुर्चीवरून उठल्याच. "फोन लावा याला. आत्ता." पहिला फोन वाजून वाजून बंद झाला. दुसराही. बाई भिंतीला टेकून उभ्या. मनात नको नको ते. तिसऱ्यांदा बायकोने उचलला: "डोळा लालभडक झालाय हो, उजेड सहन होत नाही. पण आठ दिवसांनी या म्हणाले होते ना?"

दुपारी तो बायकोसोबत आला, डोळ्यावर रुमाल धरून. दार बंद झालं. बाई तळमजल्यावर गेल्याच नाहीत. यादीत सतरा फाईली साचल्या आणि त्यांना फिकीर नव्हती. अर्ध्या तासाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "बुबुळावर सूज आहे, डाग पडलाय. डोळा वाचेल असं वाटतं. नजर पूर्ण येईल का, आज नाही सांगता यायचं. दोन दिवस आधी हवा होता." मग कागद पुढे केला. "हे मी लिहिलंय. आता तीन टाका."

बाई निघाल्या तर बाहेर येऊन बाकावर बसलेल्या चालकाजवळून त्याची बायको उठून पुढे आली. तिने बाईंचा हात दोन्ही हातांत धरला. "आत सांगितलं आम्हाला. तुम्ही धावपळ केलीत. नाहीतर आम्ही घरीच बसलो असतो. तुमचे उपकार फिटायचे नाहीत."

चालकाने डोळ्यावर पट्टी बांधलेलं डोकं हलवलं. "खरंच बाई. देवासारख्या धावलात."

काय सोपं होतं! 'अहो त्यात काय' म्हणायचं आणि जिना उतरायचा.

"मी सोमवारीच वाचलं होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"नाकावरच्या फोडांचं. विचारलं असतं तर फाईल शिल्लक राहिली असती. मला यादी रिकामी करून घरी जायचं होतं."

बायकोचा हात सुटला. चालक उघड्या डोळ्याने बाईंकडे बघत राहिला. रागावलेलाही दिसत नव्हता, नुसता हिशेब लागत नसल्यासारखा.

"सोमवारी मला नीट दिसत होतं हो," तो म्हणाला.