बारशापर्यंत आवाज

"लेफ्ट व्होकल कॉर्ड पॅरालिसिस," डॉक्टर म्हणाले. नाकातून घातलेली दुर्बीण अजून घशातच होती. समोरच्या स्क्रीनवर माझ्याच घशातल्या दोन पांढऱ्या पट्ट्या दिसत होत्या. आवाज काढताना दोन्ही जवळ यायला हव्यात. उजवी येत होती, डावी ढिम्म. थायरॉइडच्या ऑपरेशनमध्ये तिची नस दुखावली होती.

"नस बऱ्याचदा आपोआप सुधारते. काही महिने थांबू. तोवर स्पीच थेरपी."

थांबू म्हणे. माझी भावजय तेव्हा गरोदर होती. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं, आणि एकुलती एक आत्या मी.

पूनम सागर वसाहतीतल्या आमच्या सोसायटीनं मात्र माझा घसा बसलाय असंच ठरवलं. समोरच्या भाभी रोज काढा घेऊन दारात. "दीदी, पी लो, कल तक गला खुल जाएगा." पट्ट्या नीट मिटत नाहीत, त्यामुळे पातळ पदार्थ श्वासनलिकेत जाऊन ठसका लागतो, हे त्यांना सांगू कशी? एका घोटात जीव घाबराघुबरा झाला. तुमच्यावर ही वेळ आलीच, तर कसं गिळायचं ते आधी थेरपिस्टला विचारा. काढा गुपचूप बेसिनमध्ये ओता.

आणि कुजबुजू नका. थेरपिस्टनं मला बजावलं, "त्यानं ताण वाढतो. कमी बोला, पण आवाजात बोला." कुठला आवाज? नुसती हवा यायची. फोनवरचे लोक हॅलो हॅलो करून फोन ठेवून द्यायचे. भाजीवाला तर मलाच ऐकू येत नसल्यासारखे हातवारे करायचा. डोकं फिरायचं नुसतं.

मुलगी झाली. भावाचा फोन आला. "ताई, नाव तिच्या मावशीनं सांगितलं तर? तुला उगाच त्रास."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "अजिबात नाही," मी म्हणाले. त्याला ऐकूच गेलं नाही. शेवटी मेसेज केला आणि मग खूप रडले.

बारशाला मी पाळण्यावर वाकले आणि माझ्या त्या फाटक्या आवाजात नाव सांगितलं. लगेच रिवाजाप्रमाणे सगळ्या बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालायला तुटून पडल्या.

"अगं, हळू मारा!" मी ओरडले.

सगळ्यांचे हात थबकले. बाळ दचकून भोकाड पसरून रडायला लागलं. डावी पट्टी आजही पूर्ण हलत नाही. पण त्या दिवशी, इतक्या महिन्यांनी, माझ्या आवाजानं कुणीतरी दचकलं होतं. मला इतका आनंद झाला, की तिला उचलून घ्यायचंसुद्धा सुचलं नाही.