कटरबाईंनी बांधलेली दोरी

युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं कटिंगचं टेबल सांभाळलं, म्हणून सगळे त्यांना कटरबाईच म्हणत. माल चढवायच्या लिफ्टमध्ये डावा पाय गुडघ्याखाली गेला, टेबल सुटलं. तोंड मात्र होतं तसंच राहिलं. पुढची दोन वर्षं धाकट्या बहिणीच्या घरात कुणी सुखाचा घास गिळला नाही. अखेर बहिणीने अपंगांच्या शिडाच्या होड्यांच्या क्लबात त्यांचं नाव घातलं.

"ताई, तिकडे जाऊन ओरड. पाण्याला कान नसतात."

क्लबातल्या मास्तरांचा उजवा हात कोपरापासून नव्हता आणि आवाज फाटका होता. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "खोटा पाय इथे काढून ठेवा. भिजला तर घरी कशा जाल?"

"सगळ्यांसमोर?"

"इथे सगळ्यांचंच काही ना काही निघतं. आणि एक ध्यानात ठेवा, शिडाची दोरी हातातच धरायची, बांधायची नाही. वाऱ्याचा झोत आला की सोडता आली पाहिजे."

"साठ थर कापड कापलंय मी. दोरी धरायला शिकवू नका."

तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या होडीत पुढे एक आंधळे गृहस्थ बसले होते, टेलिफोन ऑफिसातले निवृत्त ऑपरेटर. कटरबाईंच्या तळहाताला फोड आले होते. त्यांनी गुपचूप दोरीचे दोन वेढे खुंटीला मारले. झोत आला, दोरी सुटेना आणि होडी कलंडली. बाई होडीच्या पाठीला चिकटल्या. ऑपरेटर शिडाखाली गेले. मास्तरांनी मोटरबोट आणून एका हाताने त्यांना ओढून काढलं.

"दोरी कुणी बांधली?"

"मी," ऑपरेटर खोकत म्हणाले.

"खोटं बोलू नका!" कटरबाई कडाडल्या. "तुम्हाला कुठे खुंटी दिसते? मीच बांधली."

"तुम्हाला वाचवायला गेलो, तर माझे डोळे काढता? बुडवायला मीच सापडलो का?" ऑपरेटरही उसळले. "मास्तर, यांच्या होडीत मी पुन्हा बसणार नाही."

मास्तरांनी बाईंचं महिनाभर पाण्यात जाणं बंद केलं. घरी बहीण म्हणाली, "काढलं ना तिथूनही?" ते असं झोंबलं, की दुसऱ्या दिवशी त्या सगळ्यांच्या आधी क्लबात हजर. धक्क्याला बांधलेल्या होडीत त्यांना बसवून मास्तर कधीही ओरडायचे, "झोत!" की दोरी सोडायची. रोज शंभरदा. बाई मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्या उद्धरायच्या आणि दोरी सोडायच्या.

एकटीने होडी नेण्याच्या परीक्षेच्या दिवशी त्यांनी होडी मुद्दाम उलटवली, होडीच्या तळातून बाहेर आलेल्या फळीवर पोट टेकून सरळ केली आणि धापा टाकत आत चढल्या.

"उशीर लागला," कागदावर सही करत मास्तर म्हणाले.

"सही नीट करा. वाचता येत नाही."

"डाव्या हाताने एवढीच येते."

आता कटरबाई एकट्याच होडी नेतात. ऑपरेटर दुसऱ्याच्या होडीत बसतात आणि बाईंचा आवाज ऐकला की तोंड फिरवतात. दोनदा बाई माफी मागायला गेल्या, दोनदा त्यांनी ऐकून घेतलं नाही.

"अजून एवढा राग?" बहिणीने विचारलं.

"बरोबरच आहे त्यांचं," कटरबाई म्हणाल्या आणि ओलं जॅकेट वाळत घालायला गच्चीवर गेल्या.